जुन्या पाणी-गाळ सर्वेक्षणाचे आकडे साफ करताना : कामाच्या नोंदी

हाताशी काय आहे ते आधी सांगतो. १९७७ ते १९८३ या काळात झालेल्या एका भूरासायनिक सर्वेक्षणाचे कागद. ओढ्या-नाल्यांतल्या गाळाचे २,३१२ नमुने, विहिरी आणि झऱ्यांच्या पाण्याचे ६८४. प्रत्येक नमुन्याचे एक फील्ड कार्ड, लॅबने पाठवलेले टंकलिखित तक्ते, आणि त्या तक्त्यांवरून पुढे केव्हातरी कोणीतरी बनवलेली एक संगणकीय फाइल. फाइल आहेच, झाडून-पुसून घेतली की नकाशे काढता येतील, असा माझा हिशोब होता. तीन आठवडे धरले होते, साडेचार महिने लागले. असेच काम कोणी हाती घेणार असेल तर माझे दिवस कुठे गेले ते त्याला आधीच कळावे, म्हणून नोंदी होत्या तशाच ठेवतो आहे.

६ जानेवारी

फाइल एक्सेलमध्ये सरळ डबल-क्लिक करून उघडली. पहिली चूक इथेच झाली. ‘३-१२’ अशा नमुना क्रमांकांच्या तारखा झाल्या, ‘४ई०५’ या क्रमांकाचे चार लाख झाले आणि ‘००७१’ चे नुसते ७१ उरले. सेव्ह केल्यावर यातले काहीच मागे नेता येत नाही. मूळ फाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर होती म्हणून निभावले. आता मूळ फाइल केवळ-वाचनीय करून ठेवली आहे. पायथनमधून उघडताना प्रत्येक रकाना मजकूर म्हणूनच घेतो. आकडा कशाला म्हणायचे ते नंतर, एकेक रकाना पाहून ठरवतो.

एकूण ६१ रकाने. त्यातले १४ जवळजवळ रिकामे दिसले. ते काढून टाकले आणि उरलेली फाइल नमुना क्रमांकाप्रमाणे क्रमाने लावून घेतली. आता निदान डोळ्यांना नीट दिसते.

९ जानेवारी

आज फक्त ‘काहीच नाही’ याचे प्रकार मोजले. कोरी जागा, ०, -१, ९९९, ९९९९, ‘एन’, ‘एल’, ‘जी’ आणि काही ठिकाणी उणे चिन्ह लावलेले खरेखुरे आकडे, उदाहरणार्थ -५, -१०.

लॅबच्या तक्त्यांच्या तळटिपा वाचल्यावर उलगडा झाला. एन म्हणजे मूलद्रव्य दिसलेच नाही. एल म्हणजे दिसले, पण मोजण्याइतके नाही. जी म्हणजे मोजपट्टीच्या वर गेले. उण्याचा अर्थ ‘यापेक्षा कमी’ : -५ म्हणजे ५ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत पाच भाग) कमी. त्या काळी ही पद्धत सर्रास होती. अमेरिकेत १९७३ साली सुरू झालेल्या युरेनियम शोध कार्यक्रमाच्या पाणी-गाळाच्या आकड्यांतही ‘पेक्षा कमी’ अशाच उण्याने दाखवलेले आहे. तिथेही काम लॉस अलामोस, लॉरेन्स लिव्हरमोर, ओक रिज आणि सव्हाना रिव्हर अशा चार लॅबमध्ये वाटलेले होते, आणि चौघींच्या नोंदी एका साच्यात बसवायला पुढच्या लोकांना फार खपावे लागले. ते वाचून माझा धीर वाढला.

शून्याचे मात्र दोन अर्थ निघाले. काही पानांवर ० म्हणजे ‘चाचणीच केली नाही’, काहींवर ‘सापडले नाही’. फाइल बनवणाऱ्याने दोन्ही ठिकाणी ० च भरले आहे. म्हणजे तक्त्याचे पान उघडल्याशिवाय सुटका नाही. या एका अंकाने अकरा तास घेतले.

पुढच्यांसाठी : आकड्याच्या रकान्यात खूण ठेवू नका. तांब्याला दोन रकाने द्या, एकात आकडा, दुसऱ्यात चिन्ह (‘<’, ‘>’, ‘चाचणी नाही’).

१४ जानेवारी

तांब्याच्या रकान्याचा आलेख काढला. गुळगुळीत डोंगर दिसायला हवा होता, दिसल्या कुंपणाच्या काठ्या. १०, १५, २०, ३०, ५०, ७०, १०० या आकड्यांवर उंच खांब आणि त्यांच्या पायथ्याशी २३, ३७, ४१ असे विखुरलेले बुटके आकडे.

आकड्यांची ही जात एमिशन स्पेक्ट्रोग्राफची. नमुना कार्बनच्या कांडीत जाळून त्याच्या प्रकाशरेषा फिल्मवर घ्यायच्या आणि रेषेचा काळेपणा प्रमाणित फिल्मशी नजरेने ताडायचा. निकाल १, १.५, २, ३, ५, ७ अशा ठरलेल्या पायऱ्यांवरच लिहायचे. तिथला ३० म्हणजे साधारण २६ ते ३८ यांमधले काहीही. दुसरे आकडे अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनचे, म्हणजे नमुन्याच्या वाफेने किती प्रकाश शोषला ते यंत्राने मोजायचे; तिथला ३७ बऱ्यापैकी ३७ च असतो. फाइल बनवताना दोन्ही एकाच रकान्यात ओतले गेले.

पद्धतीप्रमाणे रकाने वेगळे करायला हवेत. पण २० आणि ३० हे आकडे दोन्हींकडे येऊ शकतात. कोणती ओळ कुठली, हे निव्वळ आकड्यावरून ठरत नाही. हे कोडे बाजूला ठेवून पुढे गेलो. तेव्हाच थांबायला हवे होते.

२३ जानेवारी

अक्षांश-रेखांश. सर्व ठिकाणे क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्राममध्ये टाकली. ओढ्यातला गाळ डोंगराच्या धारेवर आला. एका गटातली चारशेहून जास्त ठिकाणे तर पूर्ण तालुकाभर सरकलेली.

त्या गटात दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन अंक एकदाही ५९ च्या पुढे जात नाहीत. खरे दशांश अंश असते तर दर शंभरातले चाळीस तरी गेले असते. म्हणजे ही मिनिटे आहेत. ४५ मिनिटे म्हणजे पाऊण अंश, ०.७५. ती .४५ म्हणून वाचली की अक्षांशात १८ मिनिटांची चूक होते, जमिनीवर ३३ किलोमीटर. ६० ने भागून दुरुस्त केले. गटातली ठिकाणे झाडून सगळी ओढ्यांवर येऊन बसली तो क्षण फार समाधानाचा होता.

उरलेली ठिकाणे एकाच दिशेला थोडीथोडी सरकलेली दिसतात. अक्षांश-रेखांश ज्यावरून मोजतात तो जुन्या नकाशांचा पायाभूत संदर्भ आजच्यापेक्षा वेगळा होता, तो बदलून घेतल्यावर बरेच जुळले. नमुना ‘जवळच्या ओढ्यावर’ आपोआप चिकटवण्याची सोय मात्र वापरली नाही. दोन ओढ्यांच्या संगमाजवळ घेतलेला नमुना चुकीच्या ओढ्याला चिकटला की त्याचे सगळे पाणलोट क्षेत्र बदलते.

३ फेब्रुवारी

टोकाचे आकडे काढले. सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांच्या (आकडे किती पसरले आहेत याचे माप) पलीकडचे सगळे वगळले, एकूण ५७ ओळी. आलेख आता नीटस आले.

१७ फेब्रुवारी

जस्ताचा नकाशा काढला आणि काम थांबले.

नकाशाच्या ईशान्येला जास्त जस्ताचा एक पट्टा दिसतो, चारही कडा सरळ. ओढे वाकडेतिकडे वाहतात, खडकांच्या सीमाही काटकोनात वळत नाहीत. काटकोन दिसला की माणसाने आखलेले काहीतरी आत शिरले आहे असे समजायचे. इथे तो नकाशाच्या शीटचा चौकोन होता.

कारण माझेच. ‘पेक्षा कमी’ असलेल्या ठिकाणी मी शोधमर्यादेच्या निम्मा आकडा भरला होता. शोधमर्यादा म्हणजे पद्धतीला ज्याच्या खाली मोजता येत नाही तो आकडा. हे निम्म्याचे सूत्र सगळीकडे वापरतात, म्हणून डोळे झाकून वापरले. पण त्या चौकोनातले नमुने स्पेक्ट्रोग्राफचे, आणि स्पेक्ट्रोग्राफची जस्ताची मर्यादा २०० पीपीएम, त्याचे निम्मे १००. अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनची मर्यादा ५, आणि तिने मोजलेल्या भागांतले खरे जस्त ६० च्या आसपास. म्हणजे जिथे जस्त सापडलेच नव्हते तो चौकोन नकाशावर सगळ्यांत श्रीमंत दिसत होता. हा नकाशा बाहेर गेला असता तर कोणीतरी तिथे पुन्हा नमुने घ्यायला माणसे पाठवली असती.

निम्म्याची भर रद्द केली. जस्तासाठी २०० ची मर्यादा असलेल्या ओळी नकाशातून वगळल्या. त्यांना रंग नाही, फक्त पोकळ वर्तुळ.

पण पद्धत कोणती, हे ओळीगणिक कळल्याशिवाय इतर मूलद्रव्यांतही हेच होणार. १४ जानेवारीचे कोडे परत दारात.

२१ फेब्रुवारी

कोड्याचे उत्तर मी ६ जानेवारीला स्वतःच्या हाताने पुसले होते.

काढून टाकलेल्या १४ रकान्यांत ‘जे. एन.’ नावाचा एक होता. शंभरेक ओळींत चार आकडी संख्या, बाकी कोरा. आज लॅबचा एक टंकलिखित तक्ता शेजारी ठेवून पाहिला. जे. एन. म्हणजे जॉब नंबर, लॅबने एकत्र मोजलेल्या नमुन्यांच्या गटाचा, म्हणजे बॅचचा, क्रमांक. टंकलेखकाने तो प्रत्येक बॅचच्या पहिल्या ओळीतच टाकला होता. खालच्या कोऱ्या जागांचा अर्थ ‘वरच्याप्रमाणेच’. अख्खा रकाना भरलेला होता, मला तो रिकामा दिसला.

आणि ‘वरच्याप्रमाणे’ हे ओळींचा मूळ क्रम शाबूत असेल तरच कळते. मी फाइल नमुना क्रमांकाने लावून तो क्रमही मोडला होता.

मूळ प्रतीवरून सुरुवातीपासून पुन्हा. आधी प्रत्येक ओळीला तिचा मूळ अनुक्रमांक दिला, मग जॉब नंबर वरून खाली उतरवला. एकूण १०८ बॅच. प्रत्येक बॅचच्या तक्त्यावर पद्धत, तारीख आणि शोधमर्यादा छापलेल्या आहेत. तांब्याच्या कुंपणाच्या काठ्या आणि बुटके आकडे एका झटक्यात वेगळे झाले. सहा आठवड्यांत हाताने केलेल्या दुरुस्त्यांपैकी अक्षांश-रेखांशाच्या तेवढ्या जशाच्या तशा परत आणता आल्या, कारण त्या लिहून ठेवलेल्या सूत्राने केल्या होत्या. सेलमध्ये जाऊन बदललेले बाकीचे पुन्हा करावे लागले. वाया गेलेला वेळ : अंदाजे ९० तास.

२ मार्च

बॅच हाती आल्यावर ३ फेब्रुवारीला वगळलेल्या ५७ ओळी पुन्हा पाहायला घेतल्या. त्यांतल्या कोबाल्टच्या दोन टोकांबद्दल सविस्तर लिहितो, कारण आकडे सारखे होते आणि गोष्टी अगदी वेगळ्या.

पहिल्या गटात सहा नमुने. कोबाल्ट ८० ते ९५ पीपीएम, जस्तही वाढलेले, मँगनीज ६,००० च्या वर. सहाही वेगवेगळ्या बॅचमधले, पण जमिनीवर एकाच ओढ्याच्या दोन शाखांवरचे. कार्डे काढली. चार कार्डांवर एकच शेरा : ‘दगडांवर काळा थर’. तो मँगनीजचा थर, पाण्यातले कोबाल्ट आणि जस्त तो धरून ठेवतो. आकडे खरे होते आणि मी ते चूक म्हणून फेकले होते. हे नमुने खडकात कोबाल्ट असल्याचा पुरावा ठरतीलच असे नाही, पण ते नकाशावर हवेत आणि शेजारी मँगनीजही दिसायला हवे.

दुसऱ्या गटात नऊ नमुने. कोबाल्ट तेवढेच, मँगनीज साधे, पण टंगस्टन सगळ्यांतच चढलेले. जमिनीवर एकमेकांपासून लांब, लॅबमध्ये मात्र एकाच बॅचचे. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात नमुना दळला की भांड्याची झीज नमुन्यात उतरते, आणि त्या कार्बाइडला बांधणारा धातू कोबाल्ट असतो. पुढे न्यूट्रॉन अॅक्टिव्हेशनने (नमुन्यावर न्यूट्रॉनचा मारा करून) मोजताना दोन्ही व्यवस्थित दिसतात. त्या बॅचचे कोबाल्ट आणि टंगस्टन ‘दळताना मिसळले’ अशी खूण घालून बाजूला ठेवले. बाकी मूलद्रव्ये राहू दिली.

तीन प्रमाण विचलनांचे सूत्र या दोघांत फरक करू शकत नाही. ५७ पैकी ३८ ओळी परत घेतल्या.

१६ मार्च

पाण्याच्या नमुन्यांकडे वळलो. अॅल्युमिनियमचे काही आकडे ९०० पीपीबीच्या (अब्ज भागांत ९०० भाग) घरात, आणि त्याच पाण्याचा सामू ७.४. उदासीन पाण्यात अॅल्युमिनियम इतके विरघळत नाही. म्हणजे बाटलीत मातीचे कण होते. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून मग त्यात नायट्रिक आम्ल टाकले, तर विरघळलेले तेवढेच मोजले जाते. न गाळता आम्ल टाकले, की कणांवरचे धातूही सुटून मोजणीत येतात. पण कुठली बाटली कशी भरली, याचा रकाना ना फाइलमध्ये ना कार्डावर.

त्या वेळी नमुने गोळा करणाऱ्या पथकातल्या एका ज्येष्ठांशी फोनवर बोलणे झाले.

“काका, आम्ल टाकलेल्या बाटल्यांची नोंद तुम्ही कुठे करायचात?”

“नोंद कसली? हात ओले असायचे. आम्ल टाकलं की कार्डाचा उजवा कोपरा दुमडायचा. गाळून टाकलं तर दोन्ही कोपरे.”

“मी स्कॅन करताना सगळे कोपरे सरळ केले हो.”

“केले असशील. पण चाळीस वर्षं दुमडलेला कागद घडी सोडत नाही. उजेडात तिरपा धरून बघ.”

तसेच केले. खिडकीपाशी कार्ड तिरपे धरल्यावर कोपऱ्यात पिवळट रेघ दिसते, आणि रेघेपलीकडचा त्रिकोण बाकी कार्डापेक्षा उजळ, कारण तो भाग इतकी वर्षे झाकलेला होता. स्कॅनमध्ये यातले काही उमटलेले नाही. ६८४ कार्डे हाताने पुन्हा पाहिली, चार दिवस. ६४७ कार्डांवर घडी आहे की नाही ते स्पष्ट सांगता आले, उरलेल्या ३७ ला पाणी लागून गेले आहे. आता ‘गाळलेले’ आणि ‘न गाळलेले’ पाणी कधीही एका नकाशावर येणार नाही.

कार्डे सपाट करण्याआधी एकदा त्यांच्याशी बोलायला हवे होते.

४ एप्रिल

आयनांचा ताळा. पाण्यात धनभार आणि ऋणभार सारखे असलेच पाहिजेत, त्यामुळे मोजणीची चूक इथे पकडता येते. एका बॅचमध्ये नेहमी ऋणभारच कमी पडत होता. तिथल्या एका विहिरीचा हिशोब मांडतो, मिलिग्रॅम प्रतिलिटरचे मिलिइक्विव्हॅलंट (भार मोजायचे एकक) करून; ते कंसात आहेत.

कॅल्शियम ४८ (२.४०), मॅग्नेशियम १८ (१.४८), सोडियम ३० (१.३०), पोटॅशियम २ (०.०५). धनभार ५.२३.
बायकार्बोनेट १७० (२.७९), क्लोराइड ३३ (०.९३), सल्फेट २४ (०.५०). नायट्रेट १४ धरून ऋणभार ४.४४. तफावत ८ टक्क्यांच्या वर.

नायट्रेटचा १४ हा आकडा ‘नायट्रोजन म्हणून’ दिला असेल तर? त्याला ४.४३ ने गुणावे लागते. मग ऋणभार ५.२२ होतो, तफावत मिटते. पण इथे घाई केली नाही. बायकार्बोनेटचा आकडा खरे तर ‘कॅल्शियम कार्बोनेट म्हणून क्षारता’ असता, तरी १.२२ ने गुणून तफावत दोन टक्क्यांच्या आत आली असती. एका विहिरीवरून निकाल लागत नाही. त्याच बॅचमधले नायट्रेट जवळजवळ नसलेले नमुने तपासले. क्षारतेचा घोळ असता तर तेही बिघडले असते. ते बरोबर जुळतात. म्हणजे दोष नायट्रेटच्या एककाचाच. संपूर्ण बॅच बदलली आणि बदलाचे कारण नोंदीच्या रकान्यात लिहिले.

याच दिवशी एककाची आणखी एक भानगड सापडली. टंकयंत्रावर ‘म्यू’ची, म्हणजे मायक्रोच्या चिन्हाची, कळ नव्हती, ते अक्षर शाईने हाताने काढायचे. काही पानांवर ती जागा मोकळी राहिली, आणि फाइल बनवणाऱ्याने तिथे मिलि धरले. त्या पानांवरचे जस्त हजारपट वाढले होते. मूळ पानावर ग्रॅमच्या आधी एका अक्षराएवढी फट स्पष्ट दिसते.

२७ एप्रिल

बॅच-बॅचमधली पातळी जुळवणे. दोन शेजारच्या बॅचच्या मध्यकांचे (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे आकडे) गुणोत्तर काढून एकीला दुसरीच्या पातळीवर आणायचा मोह होतो. पण बॅच साधारण भागाभागाने गेल्या होत्या. एका भागाचा खडक वेगळा असेल तर ते जुळवणे म्हणजे खरा फरक घासून टाकणे. म्हणून एकच नियम ठेवला : एकच नमुना दोन्ही बॅचमध्ये मोजलेला असेल तरच जुळवायचे. असे दुबार नमुने १०८ पैकी २९ बॅचमध्येच होते.

गाळाच्या दळलेल्या पुड्या अजून शिल्लक आहेत. आणखी १४ बॅचमधून पाच-पाच निवडून ७० पुड्या एकाच लॅबकडे एकाच खेपेत पाठवल्या, मध्ये प्रमाणित नमुने मिसळून. निकालाला पाच आठवडे लागले. पाण्याला हा मार्ग नाही, ते पाणी केव्हाच ओतून दिलेले.

निकाल आल्यावर शिसे आणि तांबे साध्या गुणकाने जुळले. क्रोमियम जुळलेच नाही. एकाच पुडीत जुना आकडा ४०, नवा ३१०. जुन्या बॅचमध्ये गाळ अम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचे मिश्रण) उकळला होता आणि क्रोमाइट या क्रोमियमच्या खनिजाचे कण त्यात जेमतेम विरघळतात. नवीन मोजणी पूर्ण नमुन्याची. कोणता तरी गुणक लावून हे एकत्र आणणे खोटे ठरले असते, कारण किती विरघळेल ते कणाकणावर अवलंबून. आता दोन वेगळे रकाने आहेत : ‘क्रोमियम, अम्लराज’ आणि ‘क्रोमियम, एकूण’. चाळणीचेही तसेच. काही कार्डांवर ८० मेश, काहींवर १००, म्हणजे ०.१७७ आणि ०.१५ मिलिमीटरची छिद्रे. फरक लहान वाटतो, पण बारीक कणांत धातू साधारणपणे जास्त असतात. मेशचा रकाना भरून ठेवला, आकड्यांना हात लावला नाही.

२० मे

हस्तांतराची फाइल तयार. प्रत्येक ओळीत मूळ अनुक्रमांक, जॉब नंबर, पद्धत, शोधमर्यादा, मूळ मजकूर जसा होता तसा, दुरुस्त आकडा, चिन्ह आणि दुरुस्तीचे कारण. रकाने ६१ चे १९३ झाले. साफसफाईनंतर फाइल तिप्पट रुंद झाली, हे पाहून एक सहकारी चकित झाला. त्याला जस्ताचा तो चौकोन दाखवला.

जॉब नंबर न सापडलेल्या ४१ ओळी वेगळ्या फाइलमध्ये आहेत. त्यांचे तक्त्याचे पानच गहाळ आहे. त्यातल्या सात ओळींत त्या मँगनीजच्या ओढ्याच्या तिसऱ्या शाखेवरचे गाळाचे नमुने आहेत, कोबाल्ट ७०, मँगनीज कोरे. पुड्या शोधल्या, पाच सापडल्या. त्या पुढच्या खेपेच्या डब्यात ठेवल्या आहेत.